चक्की बंद होती ते वर्ष

पळसगव्हाण, ता. पारोळा
१४ जून २०२५

मेघा,

आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव, मी लिहून मोकळा. माझा नंबर तू मोबाईलवर बंद करून टाकलास, हे मला अकराव्यांदा फोन लावल्यावर कळलं. तोवर मी जळगावच्या टॉवरला शिव्या देत होतो. मग पोस्टात गेलो आणि दहा पाकिटं घेतली. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "आप्पा, राखीला अजून वेळ आहे." मी म्हणालो, माहीत आहे.

तुझी चिठ्ठी समोर ठेवली आहे. आठ ऑगस्टला दुपारी साडेबाराला जळगावला नोंदणी. साक्षीदार तीन लागतात, दोन ठरले, तिसरी जागा माझ्यासाठी ठेवली आहे. नाही म्हणायचं असेल तर खरं कारण लिहायचं आणि लोकेशमध्ये खोट काढायची नाही. वा! बापाला नोटीस कशी द्यावी हे तुझ्याकडून शिकावं.

लोकेशमध्ये खोट नाही. पोरगं चांगलं आहे, जळगावला ठिबकच्या कामात चार पैसे मिळवतं, भेटलं की वाकतं. समाज आपला, कूळ वेगळं, सगळं जुळतं. मग एप्रिलमध्ये तू लग्नाचं काढलंस तेव्हा मी ताटावरून का उठलो? कारणं सांगतो. पहिलं असं की सासर-माहेर एकाच गावात नसावं. दोन घरांत भांडी वाजली की आवाज दोन्हीकडे ऐकू येतो. तू म्हणशील, आम्ही राहणार जळगावला. बरोबर. मग हे कारण गेलं. दुसरं असं की लोकेशच्या बापाच्या, झुलालच्या, घरात सात पुरुष, तिथली सून म्हणजे सकाळ-संध्याकाळ भाकरी थापणार. पण तू जळगावला राहणार, तेव्हा हेही गेलं. तिसरं म्हणजे मागच्या पंचायतीच्या निवडणुकीत झुलालनं मला पाडलं. पण त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याच्या ओट्यावर चहा प्यायलो होतो आणि त्याच्या बायकोनं, भिकुबाईनं, बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली होती. ते काही वैर नव्हे.

चक्कीवर बसून मी ही कारणं जमवतो आणि दळण टाकता टाकता एकेक माझ्याच हातून पडतं. डोकं चालत नाही. तुझी आई असती तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली, आणि नेमकं हे सांगायचं काम ती माझ्यावर टाकून गेली.

कारण आहे, मेघा. लिहिण्यासारखं नाही.

तुझा
आप्पा


२७ जून २०२५

मेघा,

माझंच पत्र तू मला परत पाठवलंस आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोन शब्द लिहिलेस: "आप्पा, कारण?" पोस्टातल्या बाईंनी ते पाकीट मला देताना असं तोंड केलं की जणू माझं स्थळच परत आलं आहे.

ठीक. लिहितो. पण आधी नियम लिहून काढतो, म्हणजे निदान माझ्या तरी डोक्यात नीट बसेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी, शनिवारी, रोटाचे गहू मोजायचे. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा ओंजळी. त्या पिठाचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, होतात आणि ते घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, पाव्हण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. ज्यांचा रोट एक त्यांचं कूळ एक, ते भाऊ-भाऊ. भावाभावांत सोयरीक होत नाही. हे तुला माहीत आहे. लहानपणी तू गावातल्या सगळ्यांत जुन्या झिपरू नानांना विचारलं होतंस, "रोट मांजरीनं खाल्ला तर?" आणि नाना दोन दिवस विचार करत होते.

आता दोन हजार पाचचा श्रावण. तू सहा वर्षांची होतीस. तुझे आजोबा, आबा, हयात होते, म्हणजे आपल्या घरात पुरुष दोन, मी आणि आबा. गहू अडीच ओंजळी. त्या दिवशी सकाळी अकरालाच वीज गेली. चक्कीत चाळीस-बेचाळीस डबे रांगेनं लागलेले. सगळे स्टीलचे, सगळे गुरुवारच्या बाजारातल्या त्याच भांडेवाल्याकडचे, जुळ्या भावंडांसारखे एकसारखे. तुझी आई झाकणांवर खडूनं नावं लिहीत होती. दुपारी पाऊस आला आणि पत्रा गळून निम्म्या झाकणांवरची नावं धुऊन गेली. चारला वीज आली तेव्हा सगळं गाव दारात उभं. कोणी म्हणतंय माझं आधी, कोणी म्हणतंय घरी पुरण शिजलंय. मी दळत गेलो, डबे भरत गेलो, झाकणं लावत गेलो आणि आठवेल तसे देत गेलो. घमेंड होती मला, की गावातला प्रत्येक डबा मी ओळखतो.

रात्री तुझ्या आईनं आपला डबा उघडला. म्हणाली, "आवो, हाई पीठ आपलं नही. दोन मानसंसनं पीठ इतलं कसं व्हई?" दोन माणसांचं पीठ एवढं कसं, हा तिचा प्रश्न. तिनं ओंजळीनं मोजलं. आठच्या वर भरलं. म्हणजे सात पुरुषांच्या घरचं. आपल्या डब्याशेजारी झुलालचा डबा होता हे मला पक्कं आठवतं. बहुतेक पक्कं.

मी तिला म्हणालो, कर त्याचेच रोट, बोंबलू नकोस. आता गावभर हिंडून पीठ परत मागितलं तर उद्या एकाही घरात कानबाई बसणार नाही, आणि परवापासून चक्कीवर कुत्रंही येणार नाही. तिनं केले. ते बाहेर देता येत नाहीत, टाकता येत नाहीत. आपण चौघांनी चार दिवस रोट खाल्ले. तू कंटाळून रडलीस.

म्हणजे झुलालच्या कुळाचा रोट तू खाल्लास आणि तुझ्या कुळाचा रोट लोकेशनं. हे कारण. तू शिकलेली आहेस, रोज शंभर माणसांचं रक्त काचेखाली बघतेस, तुला हसू येईल. मलाही दिवसा हसू येतं. पण साक्षीदार म्हणून सही करायला हात उचलायचा म्हटलं की तुझ्या आईची ती पिठानं भरलेली ओंजळ समोर येते. मी मानतो की मानत नाही, हे मलाच कळत नाही. ज्याला कळत नाही त्यानं सही कशी करावी?

हे कोणाला दाखवू नकोस.

आप्पा


११ जुलै २०२५

मेघा,

दाखवू नकोस म्हटलं होतं. तू लोकेशला दाखवलंस. त्यानं फोटो काढून आईला पाठवला. भिकुबाईला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून तिनं पुतण्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. बस. पळसगव्हाणला एवढं पुरतं.

मला वाटलं होतं बोभाटा दोन घरांचा होईल. पण तोताराम पाटील दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीवर आला, दळण न घेता, आणि बाकावर बसला. म्हणाला, "परमराज, बेचाळीस डबा व्हतात ना? मंग मन्हा डबा कोनाघर गया?" त्याची मुलगी गावातच दिली आहे, मधल्या गल्लीत, दोन हजार नऊ साली. दोन नाती आहेत. तो एकदम ओरडला, "मन्ह्या नातीसना बाप आते मन्ही आंडेरना भाऊ व्हयना का?" नातींचा बाप लेकीचा भाऊ झाला का, असं विचारत होता आणि मी काय सांगणार? डबा कोणाचा कोणाकडे गेला ते मला माहीत असतं तर मी आज चक्कीवाला नसतो, ज्योतिषी असतो.

त्या दिवसापासून गाव हिशेब करतं आहे. दोन हजार पाचनंतर गावातल्या गावात अकरा लग्नं झाली. अकरा! मी कधी मोजली नव्हती. त्यातल्या एका जोडप्यानं परवापासून अंथरुणं वेगळी केली म्हणतात. दुसऱ्या घरी सासऱ्यानं सुनेला विचारलं, तुझ्या माहेरी त्या वर्षी रोट पुरले होते का? सुनेनं उत्तर दिलं, तेव्हा मी तिसरीत होते, मला फक्त पुरण आठवतं. सासरा म्हणाला, नीट आठव. आता पोरीनं कुठून आठवायचं?

आणि गंमत म्हणजे, ज्यांना विचारावं त्यांचं वेगळंच. एक म्हणतो वीज गेलीच नव्हती. एक म्हणतो पाऊस त्या वर्षी दिवाळीपर्यंत आलाच नाही. पलीकडच्या आळीतला कौतिक शिंपी छातीवर हात ठेवून सांगतो की झाकणांवर नावं त्यानं लिहिली, तेही रंगानं. तुझ्या आईचा खडू मी डोळ्यांनी पाहिला आहे. की पाहिला असं वाटतं? वीस वर्षांत मी हे इतक्या वेळा मनात दळलं आहे की पीठ फार बारीक झालं आहे, त्यात मूळचा दाणा कुठला ते ओळखू येत नाही.

तुझ्यावर रागवायला हे पत्र सुरू केलं होतं. राग कुठे गेला कोण जाणे. झुलालनं निरोप पाठवला आहे की जोवर उलगडा होत नाही तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही, आणि लोकेश ऐकणार नसेल तर त्यानं घराचा उंबरा चढू नये. म्हणजे माझ्या एका पत्रानं मी ते करून बसलो जे एप्रिलमध्ये ताटावरून उठून मला जमलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जेवण जात नाही.

आप्पा


२३ जुलै २०२५
(हे पत्र टाकलं नाही.)

मेघा,

आज दुपारी भिकुबाई आली होती. ज्वारीचा डबा घेऊन आली, पण ज्वारी निमित्ताला. चक्कीचा आवाज चालू असताना ती बोलली, म्हणजे बाहेरच्या बाकावर कोणाला ऐकू जाऊ नये. मला निम्मं तोंडावरून समजलं.

म्हणाली, "भाऊ, त्या सालले आम्हना रोट पुरनात नही. मी डबा उचला तवयच हलका लागना." डबा उचलला तेव्हाच तिला हलका लागला होता. घरी मोजलं तर अडीच ओंजळी. घरात सात पुरुष. तिनं रोट लहान केले, पातळ केले, पुरुषांना आणि पोरांना वाढले, स्वतः ताक पिऊन झोपली आणि नवऱ्याला सांगितलं की माझा उपास आहे. झुलालला आजतागायत माहीत नाही. मी विचारलं, तेव्हाच का नाही आलीस? तर म्हणाली, "तुम्हनी चक्की बंद पडी जाती." आमची चक्की बंद पडली असती म्हणून ती बाई वीस वर्षं गप्प राहिली. आणि मी त्याच चक्कीसाठी गप्प राहिलो. एकाच गल्लीत आम्ही दोघं तोंडात एकच गुळणी धरून बसलो होतो.

म्हणजे खरं आहे. तुझ्या आईची ओंजळ खरी, माझी आठवण खरी. मला बरं वाटायला हवं होतं, निदान मी भ्रमिष्ट नाही म्हणून. पण भिकुबाईनं लगेच माझा हात धरला. पीठ लागलेला हात. गावातल्या बाईनं असा हात धरणं म्हणजे काय ते तू समज. म्हणाली, "मन्हा आंडोर चार दिनपाईन जेवस नही. मी कोनले सांगसू नही. तुम्ही बी सांगू नका." मुलगा चार दिवस जेवला नाही, तिनं कोणाला सांगायचं नाही आणि मीही नाही. मी म्हटलं, वहिनी, मी तर लिहून बसलो आहे, सगळ्या गावानं वाचलं आहे. ती म्हणाली, "लिखेल पुसता येस." लिहिलेलं पुसता येतं.

कानबाईला काय वाटेल, हेही मी विचारलं. ती डबा डोक्यावर घेत म्हणाली की कानबाईलाही लेकरं आहेत.

हे मी तुला कळवू की नको? कळवलं तर तू लोकेशला सांगशील, आणि भिकुबाईची वीस वर्षं वाया. नाही कळवलं तर तुला वाटत राहणार की बापाला नक्की काय झालं ते त्याचं त्यालाच माहीत नाही. पाकिटावर पत्ता लिहिला आहे. तिकीट लावलेलं नाही.

आप्पा


३१ जुलै २०२५
(हेही टाकलं नाही.)

मेघा,

काल, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, मारुतीच्या मंडपात गाव बसलं. दुपारचं, जेवणं करून. बायका खांबांच्या पलीकडे. कानबाई चार दिवसांवर आलेली आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न, की यंदा ओंजळी मोजायच्या तरी कोणाच्या नावानं?

झिपरू नानांना दोघांनी धरून आणलं. ब्याण्णव वर्षं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, कोणाला पाऊस आठवतो, कोणाला नाही, आणि मग काठी आपटली. मला वाटलं, आता म्हणतील की परमराजनं गाव बाटवलं. ते म्हणाले, "भाऊहोन, तुम्ही कसाले भांडतस? त्या सालले चक्की बंदच व्हती. मी सोता गाडाभर दयन पारोयाले लई गऊ."

त्या वर्षी चक्की बंदच होती आणि नाना स्वतः गाडीभर दळण पारोळ्याला घेऊन गेले.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोताराम उठला. आधी खाली बघत होता. मग म्हणाला, हो, नाना म्हणतात ते खरं, पट्टा तुटला होता चक्कीचा, मी नानांच्या गाडीत बसलो होतो. मग दुसरा उठला, त्याचे बैल होते. मग तोतारामचा मधल्या गल्लीतला जावई म्हणाला, वाटेत बोरी नदीला पाणी होतं, डबे डोक्यावर घेऊन उतरलो. कोणी म्हणालं, पारोळ्याच्या चक्कीवाल्यानं आपला शब्द राखला, एकेकाचं वेगळं दळून एकेकाच्या हातात दिलं. कौतिक शिंप्यालाही आठवलं, त्याचा रंग तिथेच सांडला होता. जो तो एक एक तपशील आणून ठेवत होता, भंडाऱ्याला वर्गणी टाकावी तसा. झुलाल बायकांच्या बाजूला वळला. मग भिकुबाईला खांबापलीकडून विचारलं, "तुले काय आठवस?" ती म्हणाली, "आम्हना रोट पुरनात. दोन उरनात बी." पुरले, आणि दोन उरलेसुद्धा. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

मेघा, तुला शपथेवर सांगतो, विसाव्या माणसापर्यंत मलाही ती गाडी दिसायला लागली. डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज येऊ लागला. आबांनी एकसष्ट साली इंजिनावरची चक्की आणली, त्याआधी सगळं गाव घरच्या जात्यावर दळत होतं, गावाला वेस होती, वेशीवर तोफ होती, आपली चार कुळं धारकडून आली आणि त्यांनी ही पाच आळ्यांची वस्ती केली, हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो. आता वाटतं, तेही एखाद्या दुपारी असंच मंडपात बसून ठरलं असेल का? ती तोफ कोणी तरी पाहिली होती का?

मग नाना माझ्याकडे वळले. हळू आवाजात म्हणाले, "परमराज, तू पोरले काय लिखं? आते सांग." आणि मला कळलं की ही गाडी माझ्या अंगावरून जाणार आहे. चक्की बंद होती तर मग मी लिहिलं ते काय? चूक म्हणता येत नाही. चाळीस डबे, खडू, आठ ओंजळी, असं सगळं चुकून लिहिता येत नाही. एकच उत्तर उरतं.

मी उठलो आणि म्हणालो, "मी पोरीला खोटं लिहिलं. लग्न मोडावं म्हणून."

कोणी तरी थुंकलं. झुलाल म्हणाला, एवढा खालच्या पातळीचा बाप बघितला नाही. बरोबर म्हणाला. त्यानंतर त्यानं लग्नाला होकार दिला, आणि ज्या जोडप्याची अंथरुणं वेगळी झाली होती त्यातला पोरगा मंडपातून पळतच घरी गेला. लोक उठले. चपला घालताना ते एकमेकांशी हसून बोलत होते, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. माझ्याशी कोणी बोललं नाही. नानांना धरून नेताना त्यांनी माझ्या पाठीवर हात टेकला, पण तो आधारासाठी की कशासाठी, सांगता येत नाही.

लोकेशनं तुला फोन केलाच असेल. आता हे पत्र टाकलं तर तुला खरं कळेल. मी खरा ठरेन आणि तुझा संसार खोटा ठरेल. असा खरेपणा घेऊन मी काय करू? पण पत्र टाकलं नाही तर तू मला जन्मभर काय समजशील, तेही सोसणार नाही. रात्रभर हे पाकीट दप्तरात ठेवलं, काढलं, ठेवलं.

आणि मंडपात बोललो ते तरी सगळं खोटं होतं का, हे आज सकाळपासून डोक्यात आहे. तू जाणार, घरात मी आणि चक्की, आणि माझ्यानंतर या घरच्या रोटाला ओंजळ मोजायलाही कोणी नाही. एप्रिलमध्ये ताटावरून उठलो तेव्हा मला आधी काय आठवलं होतं? तुझ्या आईची ओंजळ? की हे रिकामं घर? आठवत नाही.


४ ऑगस्ट २०२५

मेघा,

शनिवारी तुझा मेसेज आला. नंबर सुरू झाला म्हणून आधी आनंदच झाला, मग वाचला. "आप्पा, असं का केलंत? साक्षीला मी धुळ्याच्या मामांना बोलावलं आहे. तुम्ही येऊ नका." तीन वाक्यं. त्या दिवशी सकाळपासून चक्कीवर रोटाची गर्दी होती, त्यामुळे लगेच उत्तर देता आलं नाही. फोनवर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहितो.

गर्दी नेहमीसारखीच होती, बरं का. मला वाटलं होतं यंदा कोणी येणार नाही. सगळे आले. चक्की त्या वर्षी बंदच होती, तेव्हा चक्कीचा काय दोष? फक्त प्रत्येकजण आपल्या डब्यापाशी उभा राहून दळून घेत होता. गावाचा चक्कीवर विश्वास आहे, चक्कीवाल्यावर नाही. भिकुबाईही आली होती. नव्या नातवाला धरून पुरुष आठ झाले त्यांच्याकडे, दहा ओंजळी गहू. मी दळले, तिनं नेले. आज सकाळी कानबाई नदीवर गेली. बँड पारोळ्याहून आणला होता, पोरी फुगड्या घालून दमल्या, तोतारामच्या दोन्ही नाती त्याच्या खांद्यावर होत्या, एक इकडे, एक तिकडे. छान झालं सगळं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

सत्तावीस जूनचं पत्र खोटं होतं. दोन हजार पाच साली चक्कीचा पट्टा तुटला होता. गावाचं दळण झिपरू नाना गाडीतून पारोळ्याला घेऊन गेले, आपला डबाही त्यातच होता. बोरीला पाणी होतं म्हणून यायला उशीर झाला. तुझ्या आईनं पीठ मोजलं ते अडीच ओंजळीच भरलं. लोकेशचं कूळ वेगळं, तुझं वेगळं, यात काडीची शंका नाही. पुढे कोणी काही बोललं, अगदी मी म्हातारपणी भ्रमात काही बोललो, तरी ऐकू नकोस. तू लहान होतीस, तुला रोट खाऊन कंटाळल्याचं आठवत असेल तर ते दुसऱ्या कुठल्या वर्षाचं.

खोटं का लिहिलं ते विचारलंस. तू जाशील म्हणून. तू गेलीस की या घरात मी एकटा पडेन, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, पण नाही. चिडलीस ते बरोबर केलंस.

जूनचं पत्र लोकेशकडे असेल तर त्याच्याकडून घे आणि फाडून टाक. फोटोही काढून टाकायला सांग. हे पत्र मात्र जपून ठेव. कधी कोणी शंका काढली तर दाखवायला होईल, खाली माझी सही आहे.

धुळ्याच्या मामांना मी फोन केला. ते सकाळच्या एसटीनं जळगावला येतील, आधार कार्ड विसरू नका म्हणून दोनदा सांगितलं. तुझ्या आईची हिरवी पैठणी त्यांच्याबरोबर पाठवतो आहे. नेसायची की नाही ते तू ठरव.

मी येत नाही. आठ तारखेला शुक्रवार आहे, चक्की बंद ठेवण्याचं काही कारण नाही. बंद ठेवली तर लोक विचारतील कशासाठी. साडेबाराला माझ्यासमोर कोणाचं तरी दळण असेल आणि मी दळत असेन.

तुझा
आप्पा
(प्रेमराज, गावाचा परमराज)